शिक्का नसलेला ग्रिप्वा: फ्रेंच काचेचे जुने दागिने घेताना आधी पाठ पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीकडे पॅरिसला आला आहात आणि सँतुआँच्या जुन्या बाजारात एक ब्रोच मनात भरला आहे. हिरव्या काचेची पाच पानं, मध्ये लाल काचेचे तीन थेंब, खाली लोंबणारे दोन मोती. विक्रेती म्हणते की तो ग्रिप्वांच्या, म्हणजे काचेचे दागिने करणाऱ्या पॅरिसच्या घराण्याच्या, हातचा, शनेल या फॅशनघरासाठी केलेला, 1930 च्या दशकातला आहे. किंमत नऊशे युरो. शिक्का कुठेच नाही. मुलगी म्हणते, प्लास्टिक दिसतंय, पैसे घालवू नकोस. शिवाय असे दागिने जमवायला सुरुवात कुठून करावी आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात ते टिकतील का, हेही विचारलंय. मी पॅरिसजवळ राहते आणि हेच दागिने घेते, ओवते, दुरुस्त करते, विकते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मुलीला सांगा, प्लास्टिक नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी सगळ्यात कामाचा फोटो पाठीमागचा, दागिना उलटा करून खिडकीसमोर धरलेला. त्यात पानांच्या मागे धातूचा पत्रा नाही, उजेड आरपार येतोय. एका पानात टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडे आहेत आणि काच तारेला भिडते तिथे तिची कड किंचित वर चढलेली आहे. डावीकडच्या पानाच्या टोकाला टवका उडालाय, तो फोटो मोठा करून पाहा. तुटलेला भाग शिंपल्यासारखा वळणावळणाचा आणि चकचकीत आहे. काच तशीच फुटते. रेझीन तसं फुटत नाही. ते घासलं जातं, पांढुरकं होतं, कडा बोथट होतात. दाताला हलकेच लावून पाहिलंत तर काच गार आणि टणक लागते, आवाज टिक् असा येतो. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. प्लास्टिक असेल तर खराब होईल आणि काच असेल तर तडकूही शकेल.

पण काच आहे एवढ्यावर बाकीच्या तीन गोष्टी सिद्ध होत नाहीत. ग्रिप्वा, शनेल आणि 1930 चं दशक, या तिन्हींचे पैसे तुमच्याकडून मागितले जातायत आणि तिन्हींचा पुरावा म्हणजे विक्रेतीचा शब्द. शिवाय तो मुळात ब्रोच होता याबद्दल तर फोटोच शंका घेतो. पिनेच्या बुडाशी करडा, गुठळीसारखा डाग आहे आणि त्यावर मुलामा नाही. तो शिसं-कथलाचा डाग (सोल्डरिंग) आहे, म्हणजे पीन नंतर बसवलेली आहे. मुळात हा ब्रोच होता, झग्याच्या गळ्याला लावायची क्लिप होती की हाराचा मधला भाग होता, हे आता सांगता येत नाही. वरच्या टोकाला घासलेली कडी दिसते, त्यावरून मला हाराची शंका येते.

डागावरून एवढं का समजतं, हे कळायला हे काम होतं कसं ते माहीत हवं. आपल्याकडच्या मिन्यात काचेची पूड खोलगट पत्र्यावर भरून भट्टीत भाजतात. इथे तसं नसतं. आधी पितळेच्या किंवा तांब्याच्या तारेची घरं करतात: पानाचं घर, पाकळीचं घर, थेंबाचं घर, सगळी मागून-पुढून उघडी. ती एकमेकांना कडक डाग, म्हणजे जास्त उष्णतेलाच वितळणारा डाग, देऊन जोडतात. मग कारागीर एका हातात चिमट्याने सांगाडा ज्योतीपाशी धरतो आणि दुसऱ्या हातातल्या रंगीत काचेच्या कांडीचं टोक वितळवून ती धार घरात सोडतो. काच घर भरते, तारेच्या कडेला चिकटते आणि आपल्याच ताणाने वरून फुगीर होते. साचा नाही, घासणं नाही, पॉलिश नाही. ज्योतीमुळे काळी पडलेली धातू नंतर साफ करून तिच्यावर सोन्याचं पाणी चढवतात. विजेच्या मुलाम्याचं सोनं धातूवरच बसतं, काच कोरी राहते. म्हणूनच हे काम शेवटी करता येतं.

यातली अवघड गोष्ट निवण्याची. थंड होताना पितळ काचेच्या जवळपास दुप्पट आकसतं. त्यामुळे काच घरात आवळली जाते, पण आत ताणही राहतो. घाईने निववली तर लगेच तडकते. नशिबाने वाचली तर अनेक वर्षांनी, कोणीतरी दागिना गरम पाण्यात बुडवला की तडकते. जुन्या पानात केसासारखी रेघ दिसली तर ती बहुधा अशा ताणाची असते. तार आणि काच यांच्यामध्ये फट नसेल तर माझ्या मते ती रेघ चालून जाते.

आता डागाचा मुद्दा. काच वितळून वाहायला जी उष्णता लागते तिच्यात शिसं-कथिल टिकूच शकत नाही. ते दोनशे अंशांच्या आसपासच पातळ होतं. म्हणजे काच ओतण्याआधीचे सगळे सांधे कडक डागाचे असणार आणि त्यांच्यावर मुलामा असणार. उघडा करडा डाग दिसला की समजायचं, इथे नंतर कोणाचा तरी हात लागलाय.

ग्रिप्वा घराण्याबद्दल थोडं सांगते, कारण नाव ऐकून माणसं हुरळतात आणि हुरळण्यासारखं त्यात आहेही. ऑगस्टिन ग्रिप्वा यांनी 1869 मध्ये पॅरिसमध्ये काम सुरू केलं. काचेचे मणी, नकली मोती, बटणं. नटी सारा बर्नहार्टसाठी रंगमंचावरचे दागिने त्यांनी केले, पुढे वर्थ आणि प्वारे या फॅशनघरांसाठी. त्यांची मुलगी सुझान हिच्या काळात शनेलशी नातं जुळलं. खऱ्या दागिन्यांसारखे दिसायचा प्रयत्न न करणारे, खोटे म्हणून मिरवायचे दागिने शनेलने 1920 च्या दशकात बाजारात आणले आणि त्या कल्पनेला ओतीव काच अगदी साजेशी होती. माणिक-पाचूचा रंग, पण आकार कुठल्याही खड्याला जमणार नाही असा. दुसऱ्या महायुद्धानंतर दिओरसाठी आणि पुढे ईव्ह सँ लोराँसाठीही याच घरातून काम गेलं.

जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे कारागीर पडद्यामागचे होते. फॅशनघर नकाशा द्यायचं किंवा कल्पना सांगायचं, ते करून द्यायचे आणि दागिना फॅशनघराच्या नावाने किंवा नावाशिवायच बाहेर पडायचा. युद्धापूर्वीच्या शनेलच्या बहुतेक दागिन्यांवर शिक्का नाही. त्यामुळे शिक्का नसणं हा दोष नाही, पण तो पुरावाही नाही. आणि बाजारात नेमका हाच गोंधळ खपवला जातो. 'शिक्का नाही, म्हणजे जुना शनेल' असं सांगणारा विक्रेता सँतुआँच्या दर गल्लीत भेटेल. ओतीव काचेचं काम पॅरिसमध्ये एकट्या ग्रिप्वांनी केलं असंही नाही. फॅशनघरांना दागिने पुरवणाऱ्या इतर कार्यशाळाही होत्या. त्यातले रोबेर गूसेन्स शनेलसाठी 1950 च्या दशकापासून काम करत होते. त्यांच्या कामात धातू जाड, जुन्या बायझंटाइन दागिन्यांच्या वळणाचा आणि सोबत स्फटिक. शिक्का नसलेल्या चांगल्या कामाला 'पॅरिसची ओतीव काच, 1940 ते 60 च्या सुमाराची' एवढंच म्हणणारा विक्रेता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

शिक्का असला तर मात्र तो वाचता आला पाहिजे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शनेलच्या लंबगोल पट्टीवर 23 ते 29 असे हंगामाचे आकडे येतात. 1993 पासून वर्षाचे दोन आकडे आणि हंगामाचं अक्षर येतं, शरदाला ए, वसंताला पी. काचेची कमेलिया फुलं, माल्टी क्रॉसचे ब्रोच, मोत्यांमध्ये ओवलेले लाल-हिरवे थेंब, हा आज बाजारात दिसणारा बराचसा माल याच वर्षांतला, कार्ल लागरफेल्ड शनेलचे डिझायनर होते त्या काळातला आहे. तो जुना नाही म्हणून कमी दर्जाचा असं मी म्हणणार नाही. काच तितकीच सुंदर ओतलेली असते. पट्टी डागाने किंवा रिव्हेटने बसवली आहे की गोंदाने चिकटवली आहे, तेवढं भिंगातून पाहा. साध्या ब्रोचला पट्टी चिकटवून किंमत दहापट करणारे आहेत.

आणखी एक सापळा. वळणदार लिपीत नुसतं 'शनेल' असं लिहिलेले, मिन्याचे आणि खड्यांचे फुलांचे ब्रोच इंटरनेटवर सतत दिसतात. ते अमेरिकेतल्या 'शनेल नॉव्हेल्टी कंपनी'चे, 1941 च्या सुमाराचे. पॅरिसच्या शनेलचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्या कंपनीने लवकरच ते नाव सोडलं आणि रेनॅड या नावाने धंदा चालू ठेवला. दागिने म्हणून ते छानच आहेत आणि त्यांचे शौकीनही आहेत, पण पॅरिसचा भाव देऊ नका.

दिओरचा घोळ वेगळा. 1955 पासून दिओरचे पुष्कळ दागिने जर्मनीत फॉर्त्सहाइमला हेंकेल अँड ग्रॉसे यांनी केले आणि त्यांनी मागे सालही छापलं, ही जमवणाऱ्यांची मोठीच सोय. त्याआधी काही वर्षं लंडनचे मिचेल मेअर करत होते. म्हणजे दिओर लिहिलेला, खरा, जुना, सुरेख दागिना फ्रान्समध्ये न झालेलाच असू शकतो. तुम्हाला फ्रेंच हातकाम हवं असेल तर फॅशनघराच्या नावापलीकडे पाहावं लागेल.

फ्रेंच म्हणून विकल्या जाणाऱ्या मण्यांचंही तेच. त्यातले ढीगभर बोहेमियातल्या याब्लोनेत्सचे असतात, नाहीतर दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून हाकललेल्या जर्मन कारागिरांनी बव्हेरियात वसवलेल्या नॉयगाब्लोन्त्सचे. 'फ्रेंच जेट' नावाने विकली जाणारी काळी काचही बऱ्याचदा बोहेमियाची किंवा ऑस्ट्रियाची असते. फ्रेंच मण्यांत शोधायचे तर लुई रूसले यांच्या वळणाचे शोधा. 1920 च्या दशकापासून त्यांच्या कारखान्यातून फॅशनघरांना मणी आणि नकली मोती जात. माळेवर बहुधा काही लिहिलेलं नसतं, फार तर फाशाला 'फ्रान्स' एवढा शब्द. दिव्यावर हाताने वळलेला मणी ओळखणं सोपं आहे. भोकाच्या बाजूने भिंग लावा. काच तारेभोवती गुंडाळलेली असल्यामुळे बारीक रेषा भोकाभोवती गोल फिरताना दिसतात. नळी ओढून कापलेल्या मण्यात रेषा भोकाला समांतर जातात आणि साच्यात दाबलेल्या मण्याला कमरेवर शिवण असते. माळेतले मणी थोडे लहानमोठे, एखादा किंचित वाकडा असेल तर बिचकू नका; मला तर तशीच माळ आवडते.

मोत्यांबद्दल. तुमच्या ब्रोचचे लोंबते मोती काचेचे आहेत. भोकापाशी लेप मागे सरकून काचेची कड उघडी पडलेली फोटोत दिसते. काचेच्या मोत्याची फ्रान्समधली परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे जाते. झाकँ नावाच्या जपमाळा करणाऱ्या पॅरिसच्या कारागिराने नदीतल्या एका छोट्या माशाच्या खवल्यांची चमक काढून ती पोकळ काचमण्यांना आतून लावली आणि वर मेण भरलं. पुढे भरीव मण्यावर बाहेरून लेपाचे थर चढवायची पद्धत आली. ग्रिप्वांचे मोती या बाहेरच्या लेपाचे, मुद्दाम ओबडधोबड, रंगाला मलईसारखे. अत्तर, घाम आणि केसांचा स्प्रे या लेपाला खातो. लेप सोलला गेला तर परत लावता येत नाही, मोती बदलावा लागतो आणि जुन्या घाटाचा मोती मिळणं कठीण.

फ्रेंच काचकलाकार लालीक यांचे काचेचे दागिने हा वेगळा विभाग आहे, त्यात मी फार शिरत नाही. साच्यातले पेंडंट, रेशमी गोफ आणि गोंडा. रने लालीक 1945 मध्ये वारले. सहीतलं सुरुवातीचं 'आर' हे अक्षर त्यानंतर गळलं, तेवढं लक्षात ठेवा. रिव्होली रस्त्यावरच्या म्युझे दे आर्ट डेकोरातिफच्या दागिन्यांच्या दालनात लालीकचं काम आहे, काही घेण्याआधी एक दुपार तिथे घालवा. काचेची ओली पूड साच्यात दाबून भट्टीत भाजलेले, मेणासारखे मऊ दिसणारे आर्जी-रूसो आणि नान्सीच्या वाल्टर यांचे पेंडंट कुठे पाहायला मिळाले तर सोडू नका. या कामाला 'पात द व्हेर' म्हणतात. बाजारात ग्रिप्वांच्या ओतीव काचेलाही हेच नाव चिकटवतात, पण दोन्ही एकदा शेजारीशेजारी पाहिले की पुन्हा गल्लत होणार नाही.

मागची बाजू वाचताना आणखी दोन खुणा उपयोगी पडतात. कानातल्याच्या क्लिपवर किंवा फाशावर 'बी टी ई, एस जी डी जी' ही अक्षरं दिसली तर तो पेटंटचा फ्रेंच छाप आहे. सरकार हमी घेत नाही असं सांगणारा हा छाप 1844 च्या कायद्याने आला आणि 1968 मध्ये गेला. म्हणजे तो भाग 1968 नंतरचा नाही. भाग म्हणतेय, दागिना नाही. जुन्या क्लिपा काढून नव्या कामाला लावणारे आहेत. दुसरी खूण ब्रोचच्या फाशाची. नळीत सरकणारी काडी असलेला फासा युरोपात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खूप चालला. तो मूळचा असेल, त्याच्या डागावर मुलामा असेल, तर दागिना युद्धाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते.

आता खरेदी. सँतुआँचा बाजार शनिवार, रविवार, सोमवार चालतो. दागिन्यांसाठी व्हेर्नेझों भागातल्या अरुंद गल्ल्या बऱ्या. सोमवारी गर्दी कमी आणि विक्रेते बोलायला मोकळे असतात. दक्षिणेकडचा व्हाँवचा रस्त्यावरचा बाजार शनिवार-रविवारी सकाळी भरतो आणि दुपारी आवरतो; तिथे भाव माणसात असतात, पण लवकर जायला हवं. गावागावांत उन्हाळ्यात जुनं सामान विकायला काढतात, तिथे अजूनही चपलांच्या खोक्यात काचेच्या माळा सापडतात. जाता जाता सांगते: लहान रंगीत मण्यांच्या तारेने केलेली फुलं दिसली तर ती कुठून आली ते विचारा. पूर्वी फ्रान्समध्ये कबरीवर ठेवायची पुष्पचक्रं काचमण्यांची करत आणि ती उसकटून फुलं ब्रोच म्हणून विकतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण घरी सासूबाईंना भेट द्यायच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पॅरिसच्या द्रुओ या लिलावघरात घेणार असाल तर हातोडी पडते त्या भावावर पाव हिस्सा किंवा जास्तच शुल्क चढतं, ते आधी मनात धरा. त्यांच्या यादीत 'ग्रिप्वांचे काम' आणि 'ग्रिप्वांच्या धर्तीचे' यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि ते शब्द जबाबदारीने लिहिलेले असतात. इंटरनेटवर घेताना विक्रेत्याकडे उजेडासमोर धरलेला फोटो मागा, पाठीचा, फाशाचा आणि कडेने घेतलेलाही. देत नसेल तर सोडून द्या. कडेचा फोटो यासाठी की ओतीव काच वरून फुगीर असते आणि थंड रेझीन भरलेलं घर बहुतेक वेळा सपाट, पातळी घेतलेलं दिसतं. ग्रिप्वा घराण्यातल्या तिएरी ग्रिप्वा यांनी पुढे 'ऑगस्टिन' या नावाने दागिने केले. ते खरे, हातचे आणि देखणे आहेत, पण अलीकडचे. खालची पट्टी काढून तेच 1950 च्या दशकातले म्हणून खपवलेले मी पाहिलेत.

सुरुवात कुठून, याला माझं उत्तर अनेकांना पटत नाही. पहिली दोन-तीन वर्षं शिक्क्याचा एकही दागिना घेऊ नका. 1940 ते 1960 च्या दरम्यानचे, नाव नसलेले, पण मूळ फाशाचे आणि न फुटलेल्या काचेचे पाना-फुलांचे ब्रोच घ्या, आणि सोबत हाताने वळलेल्या मण्यांची एखादी माळ. माळ शंभर युरोंच्या आत मिळते, चांगला ब्रोच शे-दीडशेच्या घरात. शनेलच्या पट्टीचं ओतीव काचेचं काम बहुधा चार आकड्यांत जातं आणि युद्धापूर्वीचे मोठे हार त्याच्याही कितीतरी वर. तिथे चूक महागात पडते, इथे नाही. शिवाय नावाशिवाय पाहायची सवय लागली की हात कसा चालला ते दिसायला लागतं. एका पानाच्या काचेत हिरवा मध्ये गडद आणि कडेला फिका उतरलेला असतो. तो योगायोग नसतो, कारागिराने दोन कांड्या एकाच ज्योतीत धरलेल्या असतात. हे एकदा ओळखता आलं की शिक्क्याच्या दागिन्यांतले निम्मे तुम्ही स्वतःच नाकाराल.

फुटका दागिना घ्यावा का? काचेचं घर रिकामं असेल तर नाही. तिथे नवी काच ओतायची तर सगळा दागिना पुन्हा ज्योतीत जाणार आणि शेजारची काच तडकणार. म्हणून दुरुस्ती करणारे रेझीनच भरतात. मीही भरते आणि बिलावर तसं लिहून देते. नवा मुलामा मारून चकचकीत केलेला दागिना मी घेत नाही. जुना मुलामा उंचवट्यांवर झिजून खालचं पितळ डोकावतं, ते तसंच राहू द्यावं.

तुमच्या ब्रोचवर परत येते. काम चांगलं आहे, रंग फारच चांगला. एका पानाला टवका, पीन नंतरची, शक्यता अशी की हाराचा तुकडा. मी असते तर दोनशे युरो देऊ केले असते आणि अडीचशेला थांबले असते. विक्रेतीला विचारा, 'ग्रिप्वा' हे बिलावर लिहून द्याल का? फ्रान्समध्ये जुन्या वस्तूंच्या बिलावर लिहिलेल्या वर्णनाला कायद्याने वजन आहे, त्यामुळे उत्तर लगेच कळेल. लिहून देते म्हणाली तर ती कशाच्या आधारावर देते ते विचारा. जुना फोटो, घराण्यातली पावती, फॅशनघराच्या संग्रहातला तसाच दागिना, यातलं काही दाखवलं तर नऊशे ही किंमत वाईट नाही. खांदे उडवले तर दोनशेवर या आणि हसून घासाघीस करा. इथे त्याचा कोणी राग मानत नाही, पण आधी 'बोंज्यूर' म्हटलं नाही तर मात्र मानतात.

रत्नागिरीच्या हवेचं. काचेला फारसा धोका नाही, धोका पितळाला आणि मोत्यांच्या लेपाला. मुलामा झिजलेल्या जागी दमटपणाने हिरवट कळंक चढतो आणि तो तारेखालून पसरत जातो. प्रत्येक दागिना वेगळ्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात त्या पुड्या बदलत राहा. प्लास्टिकच्या पिशवीत थेट ठेवू नका. कळंक आला तर कोरड्या मऊ ब्रशने आणि दात कोरायच्या लाकडी काडीने खरवडून काढा. रिठ्याचं पाणी, चिंच, टूथपेस्ट, सोनाराकडचं अल्ट्रासॉनिक यंत्र, यातलं काहीही नको. पाणी तारेच्या आत शिरतं आणि बाहेर येत नाही. पाठीला चांदीचा वर्ख असलेले खडे दागिन्यात असतील तर पाण्याने ते एका दिवसात आंधळे होतात. घालताना आधी अत्तर, मग साडी, सगळ्यात शेवटी ब्रोच. आणि पैठणीला लावायचा असेल तर आतून कापडाचा तुकडा लावा, कारण काच आणि पितळ मिळून वजन बरंच होतं. माळा दर काही वर्षांनी रेशमी दोऱ्यात पुन्हा ओवून घ्या, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून. काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, दोरा तिथेच झिजतो.

नेताना दागिना हातातल्या सामानात ठेवा आणि बिल जवळ असू द्या. पुढे कधी पार्सलने मागवलंत तर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी लागेल. बिलावर 'इमिटेशन ज्वेलरी, काच आणि पितळ' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'गोल्ड' लिहिलेल्या पार्सलमागे महिनाभर फिरावं लागतं.

आणि पीन ढिली झाली म्हणून नेहमीच्या सोनाराकडे जाणार असाल तर काम त्याच्यासमोर बसून करून घ्या. चिमट्याने वाकवून घट्ट करू दे, हरकत नाही. त्याने डाग द्यायला बत्ती हातात घेतली की दागिना उचला आणि घरी या.